शिट्टी वाजते आणि सहल पुढे जाते

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल निघाली. सकाळी वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, दुपारी औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी सज्जनगड. दोन गाड्या, ८० विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर 'सहल यशस्वी' अशी बातमी लागली. यशस्वी झाली म्हणजे नेमके काय झाले, असा प्रश्न मला पडला आहे आणि तो या अंकातून विचारण्याचे धाडस करीत आहे. गुरुजनांनी राग मानू नये.

आधी पैशांचे सांगते. सहलीची वर्गणी म्हणजे माझ्या आईची दोन दिवसांच्या भांगलणीची मजुरी. तिने ती काढून दिली. "कॉलेजात शिकतीस, तर बघून ये," एवढेच म्हणाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मी जे पाहते ते घरातल्या सर्वांच्या वतीने पाहते, असे मला वाटते.

मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आम्ही फोटो काढले. तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर (१७३९) पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली, हे सरांनी चालता चालता सांगितले. वाड्यातली भिंतीवरची चित्रे पाहायला मान वर केली, तोच शिट्टी वाजली.

औंधला पाऊण तास मिळाला आणि त्यातच चहा. यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले. संस्थान चिमुकले, पण राजा स्वतः चित्रकार. पुढच्याच वर्षी गावांच्या हाती कारभार सोपवणारा राजाही हाच. एवढी चित्रे त्यांनी मुंबई-पुण्याला न ठेवता खेड्यात का ठेवली असतील, यावर वर्गात एक तास बोलता आले असते. आम्ही मात्र रांगेने आत शिरलो आणि रांगेने बाहेर आलो. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे शिल्प तिथे आहे. ते पाहून मुले हसली. मीही हसले. ते असे का घडवले, हे कुणी दोन वाक्यांत सांगितले असते तर कदाचित हसलो नसतो.

राजा रविवर्मा यांच्या 'सैरंध्री'पाशी मात्र माझे पाय थांबले. आमच्या घरी चित्र म्हणजे दुकानदाराने दिवाळीत दिलेले लक्ष्मीचे कॅलेंडर. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची छापील चित्रे गोरगरिबांच्या भिंतींपर्यंत पोचली, हे मी नंतर ग्रंथालयात वाचले. त्या क्षणी एवढेच जाणवले की, ही बाई ओळखीची आहे. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी! माझी आईही लग्नाआधी एका वाड्यावर कामाला होती. चेहरा नीट न्याहाळणार तोच मागून "चल गं, पुढं सरक" झाले. आणि शिट्टी.

माझी मैत्रीण म्हणते, सहल मजेसाठी असते, तू कुठे अभ्यास घेऊन बसलीस! मजा मलाही हवी; गाडीत भेंड्या मीच सुरू केल्या. पण ज्यांच्या दारात गाडी आहे, ते औंधला पुन्हा जातील. आमच्यासारख्यांची ती पहिली आणि बहुधा शेवटची भेट. म्हणून माझे म्हणणे असे की, एका दिवसात एकच ठिकाण घ्यावे. आदल्या आठवड्यात सरांनी एक तास त्यावर द्यावा. आत गेल्यावर शिट्टी खिशात ठेवावी आणि ज्याला जी वस्तू आवडेल तिच्यापुढे त्याला उभे राहू द्यावे. दोन ठिकाणे कमी झाली तर डिझेल वाचेल, वर्गणीही उतरेल. या वेळी आमच्या वर्गातल्या सहा मुली वर्गणीपायीच आल्या नव्हत्या. त्यांची नावे 'सहल यशस्वी'मध्ये कुठेच नाहीत.

त्या रात्री आईने विचारले, "काय काय बघितलंस?" मी तिन्ही ठिकाणांची नावे सांगितली. "व्हय, पण बघितलंस काय?" मी सैरंध्रीचे सांगू लागले, आणि तिच्या हातात काय होते, ती कुणीकडे पाहत होती, काहीच आठवेना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी एस.टी.ने औंधला जाणार आहोत. आईला यमाईचे दर्शन घ्यायचे आहे. तेवढ्या वेळात मी खाली संग्रहालयात थांबेन म्हटले, तर म्हणाली, "मीबी येती की."