बाहीखाली मावणारं घड्याळ

लग्नसराई जवळ आली की आमच्या हापिसातल्या पोरांचा प्रश्न ठरलेला. "सूट शिवलाय, त्यावर घड्याळ कुठलं घेऊ रे?" आणि मग पठ्ठे उचलतात काय, तर पाणबुड्याला शोभेल असं जाडजूड धूड! तेही ईएमआयवर. हप्ते फिटेपर्यंत सूट घट्ट व्हायला लागतो.

माझं मत सरळ आहे. फॉर्मल कपड्यांवरचं घड्याळ ही दाखवायची वस्तूच नाही. ते कफखाली गुपचूप बसावं, हात पुढे केला की जेमतेम दिसावं. म्हणून किमतीआधी जाडी बघा. दुकानात फुल शर्ट घालूनच जा, कफचं बटण लावा आणि हात वर-खाली करा. घड्याळ अडकलं तर विषय तिथंच संपला. तबकडी साधी, काटे दोन, फार तर तीन. पट्टा चामड्याचा, बुटांच्या आणि बेल्टच्या रंगाला धरून. (पावसाळ्यात मात्र जपा, भिजलं की चामड्याची वाट लागते.)

त्यासाठी स्वित्झर्लंड गाठायला नको. आपल्या टायटननं २००२ साली 'एज' आणलं, त्याची जाडी अवघी ३.५ मिलिमीटर होती. क्वार्ट्झ म्हटलं की नाकं मुरडणारेही भेटतात. अहो, आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की उरतो सेकंदाला बरोब्बर एक ठोका! इंजिनिअर माणसाला याहून देखणं आणखी काय हवं?

चावीचंच हवं असेल तर आधी घरचं कपाट उघडा. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या साथीनं १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारनं तो उद्योग बंद करायचा निर्णय घेतला. पण बाबांची जुनी 'जनता' अजून कुठेतरी रुमालात गुंडाळलेली असेल. घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्या, नवा पट्टा लावा. सुटसुटीत आणि साधी, सूटवर ती झकास दिसते.

आणि स्मार्टवॉच? पळायला जाताना जरूर घाला. पण मुलाखतीत किंवा लग्नाच्या मांडवात नको. चार वर्षांनी भेटलेली आत्या मनापासून काहीतरी सांगत असते, तेवढ्यात मनगट थरथरतं आणि नजर खाली जाते. आपण मेसेज बघत असतो, आत्याला वाटतं, ह्याला निघायची घाई झालीये. ती बोलणं आवरतं घेते. मग त्या कडक इस्त्रीचा आणि चकचकीत बुटांचा उपयोग काय?

नीटनेटके कपडे आपण समोरच्याचा मान राखायला घालतो. घड्याळानंही तेवढंच करावं, आणि बाकी वेळ गप्प बसावं.