पट्टा तुटला, की गाडी तिथेच थांबवा

सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिली आहे. वाफेचा लोट चाललेला, मागे खताची पोती, आणि गाडीवाला दगडावर कपाळाला हात लावून बसलेला. विचारावे तर उत्तर ठरलेले, 'पट्टा तुटला होता हो, म्हटलं तुळजापूरपर्यंत निघंल कशीबशी.' गाडी काही निघत नाही, इंजिन मात्र जाते. पट्टा काही शे रुपयांचा, आणि हेडचे काम निघाले की बिल हजारांत. एखाद्या बारदान्याच्या शेतकऱ्याचा सोयाबीनचा सगळा नफा त्यात जातो.

आपल्या जिल्ह्यात आता वाडी-वस्तीवर पिकअप आहेत, छोटा हत्ती आहे, जुन्या बाजारातून आणलेल्या जीपा आणि मोटारी आहेत. कळंबचा माल लातूरला जातो, परंड्याचा बार्शीला, तुळजापूर-उमरग्याचा सोलापूरला. रात्री-अपरात्री बाळंतीण असो की साप चावलेला माणूस असो, त्यालाही याच गाड्या नेतात. गाड्या गावात आल्या, पण गॅरेज तालुक्यालाच राहिले. म्हणून हा एक पट्टा बदलणे प्रत्येक गाडीवाल्याला घरच्या घरी आले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे काही मोठे शास्त्र नाही. किर्लोस्करच्या ऑईल इंजिनावर सपाट पट्टा चढवून विहिरीचे पाणी काढणारी आणि पिठाची गिरणी चालवणारी माणसे याच मातीतली आहेत. तुटलेला पट्टा जोडायला त्यांनी कधी मिस्त्री बोलावला नव्हता.

मात्र त्या जुन्या शहाणपणातली एक गोष्ट आता विसरायला हवी. गिरणीचा पट्टा घसरू लागला की त्याला राळ लावायची, हे आपल्या हातात बसलेले आहे. मोटारीचा पट्टा किंचाळू लागला की लोक तेच करतात. कोणी राळ लावतो, कोणी साबण घासतो, कोणी तर चक्क ग्रीस चोपडतो. आवाज दोन दिवस बंद होतो आणि पट्टा आठवड्यात जातो. हा पट्टा रबराचा आहे, त्याला तेल चालत नाही, चिकटही चालत नाही. तो ओरडतो तेव्हा एक तर ढिला झालेला असतो, नाही तर झिजलेला असतो, नाही तर एखाद्या पुलीचे बेअरिंग अडकत असते.

हा पट्टा करतो काय, ते आधी पाहा. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला खाली जी मोठी पुली असते तिच्यावरून तो फिरतो आणि बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप, डायनामो, पॉवर स्टेअरिंग आणि असेल तर एसी, हे सगळे ओढतो. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला व्ही आकाराचा फॅन बेल्ट असतो. नव्या गाड्यांना एकच लांबलचक चपटा पट्टा असतो. त्याच्या आतल्या अंगाला उभ्या धारा असतात आणि तो सापासारखा चार-सहा पुल्यांतून वळत जातो. तो तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टेअरिंग जड होते आणि थोड्याच वेळात गरमीचा काटा वर चढतो. दिवा लागला त्याच जागी गाडी बाजूला घ्या. पाण्याचा पंप बंद पडला असताना घाटात दोन-तीन किलोमीटर ओढली तरी हेड वाकायला आणि गॅस्केट उडायला तेवढे पुरे होते.

आणखी एक धोका आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच बसवलेला असतो. पट्टा गेला की तोही बंद. मग पेडल दगडासारखे होते आणि सगळा भार पायावर येतो. भरलेली गाडी घेऊन घाट उतरत असाल तर याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

आता कामाचे बोलू. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काही गाड्यांचा विजेचा पंखा किल्ली बंद असतानाही एकाएकी सुरू होतो, तेवढ्यासाठी हे करायचे. इंजिन तापलेले असेल तर तास-दीड तास गार होऊ द्या. रेडिएटरच्या टोपीला तोवर हात लावू नका. उपरणे, गमछा काढून ठेवा, बाह्या वर सारा. हडंब्याच्या पट्ट्यात राशीच्या वेळी हात-बोटे गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. इंजिन चालू ठेवून 'नुसतं बघतो' म्हणणारा हात तसाच जातो.

जुना पट्टा काढायच्या आधी एका कागदावर तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे ते काढून घ्या, नाही तर मोबाईलवर फोटो घ्या. घाईत सगळे हीच पायरी गाळतात आणि मग नवा पट्टा हातात धरून अर्धा दिवस कोडे सोडवत बसतात. पट्टा आधीच तुटून पडला असेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेले चित्र शोधा. तेही नसेल तर एवढे लक्षात ठेवा, धारांची बाजू खाचा असलेल्या पुलीवर बसते आणि गुळगुळीत पाठ गुळगुळीत पुलीवर.

व्ही पट्ट्याचे काम सोपे आहे. डायनामोचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीवरचा बोल्ट ढिला करा, डायनामो इंजिनकडे ढकला, पट्टा निघतो. नवा चढवून टॉमीने डायनामो बाहेर ओढून धरा आणि बोल्ट कसा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर पट्टा साधारण अर्धा इंच आत जावा. त्याहून ढिला राहिला तर घसरतो, फार ताणला तर पंपाचे आणि डायनामोचे बेअरिंग खातो. आपल्याकडे 'कडक असलेला बरा' म्हणून ताणण्याची खोड आहे, ती सोडा.

चपट्या पट्ट्याला बहुधा स्प्रिंगचा ताणणारा लिव्हर असतो. त्याच्या पुलीच्या बोल्टवर, नाही तर चौकोनी खाचेत लांब दांड्याचा पाना लावून तो फिरवला की पट्टा सैल पडतो. स्प्रिंग जोरदार असते. पाना निसटला तर मनगट मोडू शकते, म्हणून एकाने पाना धरावा आणि दुसऱ्याने पट्टा काढावा. काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा. खरखर आली, हलली किंवा अडकली तर आधी ती बदला, नाही तर नवा पट्टाही महिनाभरात तुटेल. ऑईल किंवा पाणी गळत असेल तर तेही आधी बंद करा. नवा पट्टा चढवल्यावर प्रत्येक धार खाचेत नीट बसली आहे का, हे बोट फिरवून बघा. एक धार जरी बाहेर राहिली तरी पट्टा कडेने फाटत जातो. मग वायर जोडा, गाडी दोन मिनिटे चालवा, बंद करा, पुन्हा पाहा.

दुकानात जाताना जुना पट्टा बरोबर न्या. त्याच्या पाठीवर इंग्रजीत '६ पीके १७५०' असे काहीतरी छापलेले असते. यात ६ म्हणजे धारा आणि १७५० म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. अक्षरे पुसली असतील तर दोन्ही पट्टे शेजारी धरून मापा. 'हा बी चालतोय' म्हणून दिलेला जवळपासच्या मापाचा पट्टा घेऊ नका आणि पक्के बिल मागा. पूर्वी पट्ट्याला भेगा पडल्या की बदलायचा, हे साधे होते. आताचे नवे रबर सहसा भेगाळत नाही, ते नुसते झिजते. तेव्हा भेग नाही म्हणून निर्धास्त राहू नका, धारा उथळ झाल्या आहेत का ते बघा.

एक पट्टा मात्र घरी हात लावण्यासारखा नाही. काही इंजिनांत झाकणाच्या आत टायमिंगचा पट्टा असतो. तो चुकीचा बसला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. ते काम मिस्त्रीचेच.

आता थोडे गावकारभाऱ्यांशी. शासकीय आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि मोटार दुरुस्तीचे शिक्षण मिळते, तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सोयाबीनच्या राशीआधी तिथल्या एखाद्या शिक्षकाला एक दिवस गावात बोलवावे आणि पारावर एक पिकअप, एक ट्रॅक्टर उभा करून गावच्या पोरांना पट्टा काढायला-घालायला लावावे. भाषण, हारतुरे नकोत, हात काळे झाले पाहिजेत. ग्रामपंचायतीची पाण्याची गाडी असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करावी. तिचा पट्टा शेवटचा कधी पाहिला, हे बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता येणार नाही.

आणि गाडीवाल्यांनी जुना पट्टा बदलताना तो अजून धड असेल तर फेकून देऊ नये. त्याच मापाचा, लागेल तो पाना आणि पुल्यांचे चित्र काढलेला कागद, तिन्ही एका पिशवीत बांधून सीटखाली ठेवावे. येडशीच्या घाटात रात्री अकराला दुकान उघडे नसते.