पाण्यावरचा वाढदिवस

वाढदिवस म्हटला की घरच्या बाईच्या कपाळी स्वयंपाकघर आलेच. पाहुणे बाहेर गप्पा मारतात, ती आत पुऱ्या तळते. पाहुणेही काही एका वेळी येत नाहीत. कुणी सहाला येतो नि साडेसहाला उठतो, कुणी साडेआठला उगवतो. ज्यांचे एकमेकांशी पटत नाही ते तर वेळ साधूनच येतात. एकाने जिना उतरावा, तेव्हा दुसऱ्याने चढावा! सगळे येऊन जातात, पण सगळे एकत्र असे कधी बसतच नाहीत.

आमच्या आईला ऐंशी वर्षे पूर्ण होणार, तेव्हा हे सारे माझ्या डोळ्यांपुढे होते. माझे दोन भाऊ, दादा आणि बाळू. मालवणचे घर ठेवायचे की विकायचे, यावरून दोघांचे बिनसलेले. भांडण असे नाही, पण बोलणेही नाही. काही निरोप द्यायचा झाला तर मधे मी. "आई, तुला काय हवे?" असे मी विचारले, तेव्हा साडी नको, हॉल नको, केटररही नको, असे तिने सांगून टाकले. म्हणाली, "मला बोटीत बसव. आणि दोघे एकाच बोटीत हवेत."

आईच्या या इच्छेला कारण होते. १९६४ साली लग्न होऊन ती मुंबईला आली ती कोकणच्या बोटीने. मालवणला धक्का नव्हता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यापासून तिथपर्यंत पडावातून जायचे. पडाव लाटेवर वर-खाली होई, बोटीच्या दाराशी तो वर आला की खलाशी माणसाला अलगद उचलून आत घेत. नव्या नवरीलाही त्यांनी तसेच घेतले! रात्रभर तिला बोट लागली, आणि सकाळी भाऊचा धक्का दिसला तेव्हा आपण परक्या मुलखात आलो म्हणून रडू आले. पुढे एस.टी. आली, बोटीचे दिवस सरले, कोकण रेल्वे झाली. पोटात मळमळले तरी ती बोटच बरी होती, असे आई अजून म्हणते.

गेट वे ऑफ इंडियाहून दोन तासांसाठी लाँच भाड्याने घ्यायची असे ठरले. बावीस माणसे जमली. घरची चौदा, आणि आईच्या भजनी मंडळातल्या व चाळीतल्या जुन्या शेजारणी मिळून आठ. आईचा जन्म माघी पौर्णिमेचा आणि तिला तारखेचे वावडे, म्हणून दिवस ठरला १२ फेब्रुवारी २०२५. वेळ संध्याकाळी पाचची.

लाँचच्या तांडेलांना वेळ सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बाई, पौर्णिमेला संध्याकाळी पाणी खाली असते. पायऱ्या फार उतराव्या लागतील, आजींना जमेल ना?" हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती, आणि सहा तासांनी, संध्याकाळी, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती जितकी मोठी, तितकीच ओहोटीही खोल. आई मात्र तिथी सोडायला तयार नव्हती. "मी पडावातून गेलेली बाई, मला पायऱ्यांचे काय सांगता!"

धास्ती पायऱ्यांची नव्हतीच, पाण्याची होती. दोनच महिन्यांपूर्वी, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून जीव गेले होते. आमच्या थोरल्या वहिनींच्या माहेरी तर अजून 'रामदास' बोटीची आठवण काढतात. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा वहिनींची अट एकच, प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवे. पैठणी, त्यावर मोत्यांचा सर आणि त्यावर ते भगवे जाडजूड जॅकेट! आजींची ती पलटण पाहून नातवंडांची हसून पुरेवाट झाली. पण जॅकेट कुणी काढले नाही. काढूही नये.

पाण्यावर न्यायचे खाणे कोरडे असावे. रस्सा आणि श्रीखंड यांचे पाण्यावर काम नाही. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाटेवडे, रव्याचे लाडू आणि मालवणहून मागवलेले खाजे नेले. आल्याच्या वड्याही घेतल्या. बोट लागणाऱ्याने निघण्यापूर्वी थोडे खाल्लेले बरे. बसावे लाँचच्या मध्यावर आणि नजर ठेवावी दूर क्षितिजावर. मोबाईलमध्ये डोके घालून बसणारा पहिला आडवा होतो, याचा दाखला आमच्या धाकट्या भाच्याने दिला.

गेट वेला पोहोचलो तर तांडेलांचे शब्द खरे. पाणी खाली गेलेले, उघड्या पडलेल्या शेवटच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या आणि बुळबुळीत. त्यात लाँच पायरीपासून हातभर दूर होऊन पुन्हा जवळ येत होती. आई वरच्या पायरीवर थबकली. पडावातून गेलेल्या नवरीला एकोणीस वर्षांचे गुडघे होते! एका बाजूने आधार देऊन भागण्यासारखे नव्हते. दादा तिच्या उजव्या हाताला गेला. बाळू क्षणभर उभा राहिला नि डाव्या हाताला आला. लाँच जवळ आली, तसा दादा म्हणाला, "बाळ्या, आता." बाळू म्हणाला, "घे." आई अलगद आत. दोन वर्षांत दोघांचे एवढेच बोलणे मी ऐकले.

लाँच सुटली. घरी असते तर कुणी गाडीचे निमित्त काढले असते, कुणी मुलांच्या अभ्यासाचे. इथे उठून जायचे कुठे? तळायला काही नव्हते, वाढायला फारसे नव्हते. आम्ही सुना-लेकीही बसलो होतो, ही एक नवलाईच. भजनी मंडळाने अभंग धरला आणि इंजिनाच्या आवाजावर मात केली.

सूर्य शहरामागे गेला आणि औक्षणाची वेळ झाली. डिझेलचे इंजिन असल्यामुळे तांडेलांनी आगीला बंदी केलेली. वाऱ्यात निरांजन टिकलेही नसते. नातीने बॅटरीवरचा दिवा आणला होता, तो आईने हातानेच बाजूला सारला. आम्ही सुपारी आणि अंगठीने ओवाळले. "निरांजन राहिले," असे एक शेजारीण हळहळली. आईने घारापुरीच्या बाजूला हात केला आणि ती आपल्या मालवणीत म्हणाली, "निरांजन कित्याक व्हया? तो बघ, चंद्र इलो मा!"

मग तिने त्या १९६४ च्या रात्रीची गोष्ट सांगितली. ती आम्ही पन्नासदा ऐकलेली, पण एक गोष्ट तेव्हाच कळली. सासूबाईंनी मालवणहून निघताना घराच्या कुलपाची एक किल्ली तिच्या ओटीत घातली होती. ती किल्ली अजून तिच्या पेटीत आहे. घर ठेवा की विका, यावर आई एक शब्द बोलली नाही. दादा पाण्याकडे पाहत होता, बाळूही. खाज्याची पुडी मात्र या हातातून त्या हातात माझ्याविना गेली.

परत आलो तेव्हा त्या दोघांनीच तिला तसेच वर घेतले. या वेळी कुणी कुणाला काही सांगावे लागले नाही.

घराचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात कौले परतून घ्यायला दोघे एकाच गाडीने मालवणला गेले. निरोप पोहोचवण्याचे माझे काम निम्म्यावर आले आहे.

ज्यांच्या घरी गुडघ्यांचा त्रास असलेली वडीलमाणसे आहेत, त्यांनी अष्टमी-नवमीची संध्याकाळ धरावी. पाणी वर असते, पायऱ्या थोड्या उतराव्या लागतात. आम्हाला मात्र पुन्हा पौर्णिमाच घ्यावी लागणार. आयुष्यात हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे आणि वर सुमारे दहा महिने लागतात. आईचे सहस्रचंद्रदर्शन या मार्गशीर्षात येते. तिने जागा ठरवली आहे, मालवणचा किनारा. किल्ली ती स्वतः घेऊन येणार आहे, आणि अट तीच, दोघे हवेत.