पार्किंगची फरशी कुणासाठी?



बंगला बांधताना स्वयंपाकाच्या ओट्यावर महिनाभर चर्चा होते आणि पार्किंगची फरशी मात्र ठेकेदार आणि घरातले पुरुष पाच मिनिटांत ठरवून मोकळे होतात. गाडीचं वजन पेललं म्हणजे झालं! मला हे पटत नाही. ती फरशी चाकांआधी अनवाणी पायांचा विचार करून निवडावी.

आपल्याकडे पार्किंग म्हणजे जुन्या घराचं अंगणच. गाडी बाहेर काढली की तिथे पापड वाळतात, नातवंडं सायकल फिरवतात. चातुर्मासात गावात महाराज असतील तर पडगाहनालाही आपण तिथेच उभ्या राहतो. हातात कलश, नजर महाराजांकडे, प्रदक्षिणा घालायच्या, आणि बाहेर पावसाची झड. खाली चकचकीत टाइल असेल तर साठीतल्या बाईच्या खुब्याचं काय होईल ते सांगायला नको. पॉलिश केलेला कोटाही ओला झाला की तसाच.

दुसरी फॅशन पेव्हर ब्लॉकची. उघड्या आवारात ते ठीक, पाणी फटींतून जमिनीत मुरतं. पण छपराखाली त्या वाळूच्या फटींत मुंग्या घर करतात. मग दर महिन्याला कुणीतरी पावडर टाकायची. म्हणजे आधी हजारो फटी विकत घ्यायच्या आणि नंतर तिथे राहायला आलेल्या जीवांना मारायचं. ईर्यासमिती मुनींची असली तरी पाहून पाय टाकणं आपल्यालाही शिकवलेलं आहे. म्हणून गडद रंगही नको. काळ्या फरशीवर मुंगी दिसतच नाही.

माझी पसंती साध्या काँक्रीटच्या कोब्याला. खाली सोलिंग, मुरूम, नीट धुम्मस. वर काँक्रीट ओलं असतानाच हलका खराटा फिरवून पृष्ठभाग खरखरीत करून घ्यायचा. पाय घसरत नाही, रंग फिका राहतो. तडे वाटेल तिथे जाऊ नयेत म्हणून सांधे सोडावे लागतात, ते भरून घ्यायला विसरू नका. सात दिवस तरी ओलं गोणपाट ठेवा, आणि 28 दिवस गाडी आत आणू नका, मुलगा कितीही घाई करो.

कोबा नको वाटला तर रफ शहाबादी, दरजा सिमेंटने घट्ट भरून. तेलाचा डाग मात्र ती पिते. आणि तिच्यावर ॲसिड कधीच ओतू नका. शहाबादी काय, कोटा काय, दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडने खातात. टाइलच हवी असेल तर खास पार्किंगची, जाड आणि खडबडीत घ्या. ती बसवताना खाली पोकळी राहिली तर चाकाखाली तडकतेच, म्हणून नाण्याने ठोकून आवाज ऐका. इपॉक्सीचा रंग जमिनीच्या ओलीने सुटतो. आमच्या पावसाच्या गावात मी सुचवणार नाही.

बी.कॉम.ला भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा फरक शिकले होते. फरशीचं बिल भांडवली, ते एकदा देऊन पुरुष मोकळे. रोजचा केर, पुसणं, डाग घासणं हा महसुली खर्च, आणि तो आपल्या कमरेच्या खात्यावर पडतो. म्हणून कोटेशन येताच हा दुसरा खर्चही मांडायला लावा.

आणि ढाळ! फरशी कुठलीही असो, फाटकाकडे फुटाला दोन सूत ढाळ हवाच. सोळा फुटांच्या पार्किंगला चार इंच होतो. पाणी साचलं की शेवाळ धरतं, आणि ते अनंतकाय. त्यावर पाय टाकणं नको आणि खरडून काढणंही नको. गवंडी म्हणेल, "काकू, एवढा ढाळ कशाला?" तुम्ही बादलीभर पाणी ओतून दाखवा, आणि ते फाटकापर्यंत गेल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.