पुस्तिकेविना कसले स्वातंत्र्य?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे सॉफ्टवेअर, हा आपल्याकडचा समज अजून पुरता गेलेला नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, ती पैसे वाचवण्यासाठी नव्हे. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवावे, त्याची रचना अभ्यासून बदलावी, प्रती वाटाव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही इतरांना द्यावी, अशी चार स्वातंत्र्ये या चळवळीने मांडली. परंतु शाळेतील शिक्षकाला किंवा ग्रामपंचायतीच्या लिपिकाला यांपैकी पहिले स्वातंत्र्य तरी केव्हा उपभोगता येईल? ते सॉफ्टवेअर कसे चालवायचे, हे कोणी नीट लिहून दिले तरच.

नेमके हेच लिहून देण्यात अनेक प्रकल्प उणे पडतात. आज्ञावली लिहिणाऱ्यास मान मिळतो. पुस्तिका लिहिणे मात्र दुय्यम, कंटाळवाणे काम ठरते. नवख्याने शंका विचारली की ‘आधी पुस्तिका वाच’ असे फटकारण्याची जुनी रीत आहे. ती पुस्तिका अस्तित्वात आहे की नाही, हे पाहण्याचे कष्ट फटकारणारा घेतोच असे नाही!

खुद्द स्टॉलमन यांनी ही उणीव फार पूर्वी ओळखली होती. ‘पर्ल’ या संगणकीय भाषेवर चांगली पुस्तके होती, परंतु ती मुक्त नव्हती. त्यांत कोणाला फेरफार करता येत नसे. सॉफ्टवेअर बदलले आणि पुस्तिका बदलता आली नाही, तर ती वाचकाची दिशाभूलच करणार. म्हणूनच २००० साली अशा लेखनासाठी ‘ग्नू’ प्रकल्पाने स्वतंत्र मुक्त परवाना आणला.

हे काम अशक्य नाही. ‘डेबियन’च्या नियमावलीत एखाद्या आज्ञावलीला माहितीपृष्ठ नसणे हा दोषच मानला आहे. ‘पोस्टग्रेस’मध्ये नवी सोय सुचवणाऱ्याने तिची माहितीही सोबत लिहून द्यावी, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले. पडद्यावरील अक्षरे इंग्रजी असली तरी समजावणारा आवाज मराठीत ऐकता येतो. विद्यार्थ्याने तो ऐकत शेजारीच कृती करून पाहावी, अशी योजना आहे.

तथापि अडलेल्या ठिकाणी पटकन उघडून पाहायला छापील वा लिखित पानच हवे. ते लिहिण्यास निष्णात प्रोग्रामरच पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. उलट त्याला नवख्याची अडचण दिसतच नाही. कालपरवाच ठेचा खात शिकलेला मनुष्य ती अधिक अचूक सांगेल. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात आणि त्यांतील पुष्कळसे परीक्षेनंतर धूळ खात पडतात. त्याऐवजी ‘लिबरऑफिस’सारख्या सॉफ्टवेअरच्या एखाद्या भागाची चोख मराठी पुस्तिका प्रकल्प म्हणून स्वीकारण्यास विद्यापीठांना कोणती अडचण आहे?