विश्लेषण : हाड जुळले की विरघळणारा स्क्रू... दुसरे ऑपरेशन खरेच टळेल?

घोट्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते, स्क्रू बसतो. वर्षभराने डॉक्टर म्हणतात, ‘आता तो काढून टाकू.’ म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा घरी बसणे. प्रत्येकाचा स्क्रू काढावाच लागतो असे नाही. मोठ्या माणसांत टायटॅनियम अनेकदा तसेच ठेवतात. मात्र वाढीच्या वयातील मुलांत तो बहुतेकदा काढतात. रोजंदारीवरच्या घरात मुलासाठी दवाखान्यात बसलेल्या आई-बापाचा बुडालेला रोज कोणत्याच बिलात दिसत नाही. काम संपले की शरीरातच विरघळणाऱ्या मॅग्नेशियमच्या स्क्रूचे महत्त्व इथे आहे.

मॅग्नेशियमच का?

हा धातू शरीराला परका नाही. प्रौढ माणसाच्या अंगात तो सुमारे २५ ग्रॅम असतो, त्यातला निम्म्याहून अधिक हाडांत. शिवाय त्याचा ताठरपणा हाडाच्या जवळचा आहे. हाडाचा १० ते ३० गिगापास्कल, मॅग्नेशियमचा ४५, टायटॅनियमचा ११०, तर स्टीलचा जवळपास २००. फार ताठर प्लेट सगळा भार स्वतःवर घेते आणि काम न उरलेले हाड कमकुवत होते.

मग अडले कुठे?

विरघळणे ही अडचण कधीच नव्हती. अडचण आहे ती घाईची. १९०७ मध्ये बेल्जियमचे शल्यविशारद अल्बिन लाम्बोत यांनी मोडलेल्या पायात मॅग्नेशियमची प्लेट सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत प्लेटचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. दोन वेगळे धातू आणि मध्ये शरीरातले खारट पाणी, म्हणजे पायातच बॅटरी तयार झाली होती! मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावले की हायड्रोजन सुटतो. एका ग्रॅममागे साधारण एक लिटर. हळूहळू सुटला तर शरीर तो पचवते, एकदम सुटला तर पोकळी होते.

म्हणून सगळे संशोधन वेग कमी करण्याभोवती फिरते. मॅग्नेशियममध्ये लोखंडाचा अंश दहा लाखांत सुमारे १७० भागांपुढे गेला तरी गंज झपाट्याने वाढतो, त्यामुळे शुद्धता आधी. मग मिश्रण. मोटारींच्या सुट्या भागांत वापरले जाणारे मिश्रधातू सहज मिळतात, पण त्यांतले अॅल्युमिनियम शरीरात सोडणे कुणालाच नको आहे. यिट्रियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये चालतात, तरी जस्त आणि कॅल्शियम अधिक सुरक्षित वाटतात.

आज काय मिळते?

जर्मन बनावटीच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, २०१६ मध्ये हृदयाच्या स्टेंटला. अमेरिकेने २०२३ मध्ये फिनलंडच्या मॅग्नेशियम-जस्त-कॅल्शियम स्क्रूला घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी परवानगी दिली. हे स्क्रू मुख्यतः लहान हाडांसाठीच आहेत. मांडीच्या हाडात रॉडऐवजी हे बसेल, असे कुणी सांगत असेल तर ते आज खरे नाही.

भारतात हैदराबादच्या ‘एआरसीआय’ आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने लोह-मँगनीजच्या विरघळणाऱ्या मिश्रधातूंवर काम केले आहे. लोखंड फार सावकाश विरघळते, म्हणजे अडचण नेमकी उलटी.

आपल्याकडे आधी काय हवे?

पहिला मुद्दा किमतीचा. स्क्रूचा जादा खर्च दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा मोठा असेल, तर रुग्णाच्या हाती काय लागले? स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर २०१७ मध्ये मर्यादा आली, तीही ते वर्षानुवर्षे चढ्या दराने विकले गेल्यावर. इथे तो विचार आधीच व्हावा, आणि सुरुवात लहान मुलांपासून व्हावी.

दुसरा मुद्दा साधा आहे, म्हणूनच तो सुटण्याची भीती जास्त. विरघळत्या स्क्रूभोवती एक्स-रेमध्ये काळसर पट्टा दिसू शकतो. तो वायूचा असतो, पण माहिती नसलेल्या डॉक्टरला तो जंतुसंसर्ग वाटू शकतो. शहरात बसवलेला स्क्रू सहा महिन्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात तपासला गेला, तर टाळायचे म्हणून ठरवलेले दुसरे ऑपरेशन त्या पट्ट्यापायीच होईल. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर ‘स्क्रू मॅग्नेशियमचा’ एवढे ठळक लिहिले तरी पुरे. पण हे लिहिणे सक्तीचे असावे.