अंधारावर गेनचा उतारा नको

कारखान्यातल्या तपासणी-कॅमेऱ्याचे चित्र काळपट आले की पहिला हात जातो तो गेनच्या पट्टीवर. ती सहा डेसिबलने सरकवली की चित्र दुप्पट उजळ होते. लेन्स उघडावी लागत नाही, लाइन थांबत नाही, पैसाही लागत नाही. म्हणून उजळपणा साधण्याचा हाच सर्वांत कार्यक्षम मार्ग, असे मानणारे पुष्कळ आहेत. हे मत मुळातच चुकीचे आहे. पडद्यावरचे चित्र उजळणे वेगळे आणि सेन्सरवर जास्त प्रकाश पडणे वेगळे. गेन जमलेल्या संकेताला फक्त गुणतो, आणि त्या गुणाकारात चित्रातला नॉइजही तितकाच वाढतो.

हिशेब करून पाहू. फोटॉन ठरावीक संख्येने येत नाहीत. जेवढे इलेक्ट्रॉन जमतात, त्यांच्या वर्गमुळाइतका चढउतार निसर्गतःच असतो. औद्योगिक कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये साधारण १०,००० इलेक्ट्रॉन मावतात. तो भरला तर चढउतार १०० इलेक्ट्रॉनांचा, म्हणजे एक टक्का. आता गेन १२ डेसिबल, म्हणजे चौपट करा. पिक्सेल २,५०० इलेक्ट्रॉनांवरच पांढरा दिसू लागतो, चढउतार ५० वर येतो, पण टक्केवारीत तो दोन टक्के होतो. आसपासच्या पृष्ठभागापेक्षा दोन टक्केच काळा असलेला बारीक ओरखडा पहिल्या चित्रात नॉइजच्या दुप्पट उठून दिसतो, दुसऱ्यात नॉइजच्या बरोबरीला येतो. दोन्ही चित्रे पडद्यावर सारखीच उजळ दिसतात, आणि डोळ्याची फसगत होते ती इथेच.

यावर सांगितले जाते की आजच्या सीमॉस सेन्सरचा वाचन-नॉइज दोन-तीन इलेक्ट्रॉनांपर्यंत उतरला आहे, आता गेनची भीती कशाला? पहिले विधान बरोबर आहे. पण वरच्या हिशेबात वाचन-नॉइज मी धरलेलाच नाही. तिथला सारा चढउतार प्रकाशाचा स्वतःचा आहे, आणि सेन्सर कितीही सुधारला तरी तो जाणार नाही. एक मात्र मान्य करायला हवे. प्रकाश वाढवणे खरोखरच शक्य नसेल, तर कॅमेऱ्यातला ॲनालॉग गेन हा नंतर संगणकात चित्र उजळवण्यापेक्षा बरा. आठ बिटांच्या काळपट चित्रातल्या ६४ पायऱ्या चौपट ताणल्या तरी त्या ६४ च राहतात, २५६ होत नाहीत. म्हणजे गेनला जागा आहे, पण रांगेत शेवटची.

मग एक्स्पोजर वाढवावे का? वस्तू स्थिर असेल तर जरूर. धावत्या कन्व्हेयरवर मात्र वेग आडवा येतो. पट्टा सेकंदाला ५०० मिलिमीटर सरकतो आणि एका पिक्सेलमध्ये ०.१ मिलिमीटर मावतो असे धरा. एक मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये नग अर्धा मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे कड पाच पिक्सेल फासटते. तीच कड अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायची तर १०० मायक्रोसेकंद हीच मर्यादा, आणि प्रकाश दहापट कमी. लेन्सचे छिद्र मोठे करावे, तर उंचसखल नगाचा काही भाग फोकसबाहेर जातो. उरतो तो दिवा. दिवा महाग, तापतो, वीज खातो, हा आक्षेप सतत जळणाऱ्या दिव्याला लागू आहे; स्ट्रोबला नाही. सेकंदाला दहा नग आणि प्रत्येकाला १०० मायक्रोसेकंदांची चमक म्हणजे एलईडी सेकंदातला जेमतेम एक मिलिसेकंद पेटतो. एवढ्या अल्प वेळासाठी उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेत त्याला नेहमीच्या कितीतरी पट विद्युत्प्रवाह देता येतो. शिवाय आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; स्ट्रोबच्या झोतापुढे ते लुकलुकणे नगण्य ठरते. कार्यक्षमता म्हणायची तर ती ही.

ऑटो एक्स्पोजरचे समर्थन अधिक विचारपूर्वक केले जाते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. उघड्या आकाशाखाली, रस्त्यावरच्या किंवा शेतातल्या कॅमेऱ्याला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. ढग आला की सारे बदलते. पण बंदिस्त तपासणी-कक्षात तेच घातक ठरते. काळा नग आणि पांढरा नग दोन्ही ते एकाच करड्या छटेकडे खेचते. म्हणजे जो फरक मोजायचा तोच पुसला जातो. दिवा महिनोन् महिने मंदावत असला तरी ते मुकाट्याने भरपाई करत राहते, आणि बिघाड कळतो तोवर सदोष माल पुढे गेलेला असतो. उजळपणावर लक्ष ठेवायचेच असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात एक पांढरा संदर्भ-ठिपका कायम ठेवा, त्याची सरासरी मोजा, आणि ती घसरली की कॅमेरा नव्हे, दिवा तपासा.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत तपासणीची नवी यंत्रणा मागवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. कोटेशन मागवताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलखाली दिवा, स्ट्रोब-नियंत्रक आणि बाहेरचा उजेड अडवणारे आच्छादन यांच्यासाठी स्वतंत्र ओळ लिहा, आणि चाचणीचे चित्र गेन शून्यावर ठेवूनच मागा.